चाड्यावरची मूठ

त्या साली श्रावणात सत्यभामाबाईच्या डोक्यावरचा पदर घसरायला लागला आणि गल्लीला बोलायला विषय मिळाला. थोरले दीर भगवानराव ओसरीवर जेवायला बसले, तर ही त्यांच्यासमोर उघड्या डोक्यानं भाकरी वाढत होती. डाव्या हातात ताट असलं की घसरलेला पदर तसाच पाठीवर पडून राहायचा. सुनेच्या हाती चूल गेली की सासवांना असंच वारं लागतं, असं थोरली जाऊ राजूबाई विहिरीवर चारचौघींत म्हणाली. सत्यभामाबाईनं ते ऐकलं, घागर डाव्या कडेवर घेतली आणि ती मुकाट घरी आली.

खरं कारण एवढंच होतं की तिचा उजवा हात वर जात नव्हता. उन्हाळ्यात कडब्याची गंज रचताना तिनं एक पेंढी वर फेकली आणि खांद्यात काहीतरी ओढल्यासारखं झालं. पहिल्यांदा वाटलं, चमक भरली असेल, जाईल दोन दिवसांत. ती गेली नाही. हळूहळू हात कमी कमी वर जायला लागला. पोळ्याच्या सुमाराला तर हात छातीपर्यंतही येईना. अंबाडा घालायचा तर मान वाकवून डाव्या हातानं केस गुंडाळायचे आणि आकडा कुठंतरी खुपसायचा. चोळीच्या बाहीत हात घालताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, आणि झोपेत वळलं की कळ थेट कोपरापर्यंत उतरायची. घरात कोणी विचारलं तर ती म्हणायची, जरा चमक आहे.

हे लपवायला तसंच कारण होतं. राजेश्वर गावाच्या अलीकडच्या त्या काळ्या रानात रबीची ज्वारी तिफणीनं पेरतात. पुढं बैल, तिफणीच्या रुमण्यावर, म्हणजे मागच्या दांड्यावर, पुरुष, आणि मागं चाड्यावर बाई. चाडं म्हणजे तिफणीवर बांधलेली लाकडी वाटी. तिच्या भोकांतून बांबूच्या नळ्या खाली तीन फणांपर्यंत जातात. ओटीतलं बी मुठीत घ्यायचं, मूठ चाड्यावर धरायची आणि चालता चालता बोटांतून असं सोडायचं की तिन्ही नळ्यांत सारखं पडावं. मूठ सैल सुटली तर पीक दाट होतं आणि एकमेकांच्या तोंडचं पाणी पितं. आवळली तर रानाला टक्कल पडतं. दिवसभर हात उचललेला, पाय ढेकळांत आणि नजर बोटांवर, असं ते काम.

सत्यभामाबाईची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली होती. सासूनं आपल्या हयातीतच थोरलीला डावलून ती या धाकटीच्या हाती दिली होती. पुढं चुली वेगळ्या झाल्या, बांध पडले, पण दोन्ही भावांच्या रानात तिफण एकच फिरायची आणि चाड्यावर सत्यभामाबाईच असायची. राजूबाई हे विसरली नव्हती, आणि विसरावं असं ते नव्हतंही. आता हात गेला असं कळलं की मूठ थोरलीच्या घरी जाणार, आणि मूठ एकदा गेली की परत येत नाही. मग उरणार काय, तर शेणघाण आणि नातवाच्या पाळण्याची दोरी. पन्नाशीही पुरती न झालेल्या बाईला हे सोसण्यासारखं नव्हतं.

नवरा राघोबा तसा मायाळू माणूस, पण दुखणं म्हटलं की त्याला एकच दार माहीत. त्यानं गावातल्या सिद्धप्पा भगताला बोलावलं. सिद्धप्पानं बिब्बा तापवून खांद्यावर चरचर ठिपके दिले. त्याचे फोड आले, फोड फुटले, खांदा होता तिथंच राहिला. हात अजिबात हलवायचा नाही, पदरात बांधून ठेवायचा, असं त्यानं बजावलं, आणि गुण नाही आला तर विळा तापवून डाग देऊ म्हणाला. सत्यभामाबाईनं हात बांधून ठेवला. सोडला तेव्हा तो कमरेच्या वर येईना. मग मात्र ती घाबरली. बांगड्या भरायचं निमित्त सांगून ती बाजाराच्या दिवशी एकटीच तालुक्याच्या गावी, कल्याणला गेली आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसली.

डॉक्टरनं हात वर करायला सांगितला, झाला नाही हे पाहिलं आणि तिला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. तिथं बाजाराच्या दिवशी बिदरहून एक तरुण बाई यायची. इंदिराबाई तिचं नाव. ती औषध देत नव्हती, व्यायाम द्यायची. खोलीत लाकडाची एक शिडी, एक खाट, शेकायची भांडी, बाकी काही नाही. आपण फसलो असं सत्यभामाबाईला वाटलं. एखादी सुई टोचा आणि मोकळं करा, असं तिनं सांगून पाहिलं.

"सुईनं दुखणं दबंल मावशी," इंदिराबाई म्हणाली. "पण हात वर कोण नेणार? दुखायलंय म्हणून तुमी हालवत न्हाईत, अन् हालवत न्हाईत म्हणून तो जास्तच धरायलाय."

तिनं खांद्यावर गरम ओलं फडकं ठेवलं, मग एक हात खांद्यावर आणि एक कोपराखाली धरून हात हळूहळू फिरवायला घेतला. बोलता बोलता सत्यभामाबाईनं रिवाजाप्रमाणं विचारलं, गाव कोणतं, कोणाची तू. मेहकरची, भीमराज मास्तरांची, असं उत्तर आलं. पुढचं विचारायच्या आतच ती म्हणाली, आमचं घर बुद्धाचं. सत्यभामाबाईच्या अंगात एकदा बारीक आखडल्यासारखं झालं. पण तोवर खांदा त्या हातात सैल पडला होता, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, आणि आता अंग चोरून काय मिळणार होतं? तिनं डोळे मिटले. आपल्याला लाज कशाची वाटायला हवी होती आणि वाटत कशाची होती, ते तिचं तिलाच कळेना.

इंदिराबाईनं तीन गोष्टी शिकवल्या. आधी शेक. मग डावा हात कशावर तरी टेकून वाकायचं आणि उजव्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या सोडून झोका द्यायचा, हात सैल ठेवून. आणि शेवटी भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची. जिथं थांबतील तिथं कोळशानं खूण करायची, म्हणजे हात किती चढला ते आपलं आपल्याला दिसतं. थोडं दुखलं तर चालेल, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढायचं नाही. सकाळी आणि संध्याकाळी, रोज. इतकंच, असं ती म्हणाली, आणि हे इतकंच सगळ्यांना अवघड जातं.

घरी हे करायचं कुठं, हा मोठा प्रश्न होता. सासुरवाशीण बाई, सून आलेली, नातू रांगणारा, आणि तिनं भरदिवसा वाकून तांब्याचे झोके घ्यायचे? बघणाऱ्यानं खुळी ठरवली असती. सत्यभामाबाईनं गोठा निवडला. गव्हाणीवर डावा हात टेकायला ऐसपैस जागा होती, आणि कोपऱ्यात गोवऱ्यांची रास होती, तिच्यामागच्या भिंतीसमोर उभं राहिलं की दारातून कोणाला दिसत नव्हतं. म्हशीनं पहिले एक-दोन दिवस कान टवकारले, मग तीही सरावली.

कोळशाची खूण काही टिकली नाही. शेणामातीच्या भिंतीवर ती हात लागला की पुसायची, आणि बाईला वाटायचं, काल इथं होता की तिथं? मग तिला बिब्बा आठवला. सिद्धप्पानं दिलेले बिब्बे देवळीत पडूनच होते. परीट कपड्यांवर खुणा करतो त्या बिब्ब्यानंच ना, आणि त्या धुतल्या तरी जात नाहीत. तिनं बिब्बा टोचला, काडी बुडवली आणि बोटं थांबली तिथं एक फुली मारली. बाईला अक्षर येत नव्हतं. धान्याच्या पोत्यांवर ती हीच खूण करत आली होती.

पहिली फुली कमरेच्या जरा वर होती. तिच्याकडे बघून सत्यभामाबाईला रडू आलं, कारण ते लपवलेलं दुखणं तिला पहिल्यांदाच असं डोळ्यांपुढं दिसत होतं. कित्येक दिवस दुसरी फुली मारायची वेळच आली नाही. सोडून द्यावं असं वाटायचं. मग एका सकाळी बोटं दोन बोटं वर सरकली. ती पुन्हा कल्याणला गेली, इंदिराबाईनं हात फिरवून पाहिला, नुसती मान हलवली आणि झोका मोठा करायला सांगितलं. फुल्या चढत गेल्या. महालयाच्या पंधरवड्यात हात छातीपर्यंत आला. रात्रीची कळ गेली नव्हती, पण आता ती येऊन जायची, ठाण मांडून बसत नव्हती. पेरणी दसऱ्यानंतर. तोवर मूठ चाड्यावर ठरली की कोणाला काही सांगायची गरजच पडणार नाही, असा तिचा हिशेब होता.

नेमका घटस्थापनेच्या आसपास नातवाला ताप आला. सून सरूबाई आधीच घाबरट. तिचा नवरा हैदराबादला बांधकामावर, पोर पहिलं, आणि पोराला दूध ठरेना. पाणी तापवायला गोवऱ्या आणायला म्हणून ती गोठ्यात गेली. पावसाळाभर जळून रास खाली आली होती. वरची चळत उचलली आणि मागची भिंत उघडी पडली. एकावर एक, काळ्याभोर फुल्या खालून वर चढत गेल्या होत्या.

त्या मुलखात भानामती हा शब्द कोणी मोठ्यानं बोलत नाही. चांगली धडधाकट बाई अचानक ओरडायला लागते, बंद पेटीतल्या लुगड्यावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, लेकरं वाळत जातात. ऐकलेलं सगळ्यांनी असतं, आणि घाबरायला तेवढं पुरतं. करणी करणारी म्हणून पलीकडच्या एका गावात म्हातारीचे दात पाडले होते. सरूबाईच्या हातातल्या गोवऱ्या खाली पडल्या. ती पोराला उचलून अंगणात आली आणि किंचाळली. शेजारच्या परसातून राजूबाई धावली. तिनं भिंत पाहिली आणि मग तिला आठवलं, की उजाडताना तिनं धाकटीला याच गोठ्यात बिब्बा घेऊन शिरताना पाहिलं होतं.

सत्यभामाबाई डाव्या काखेत वैरणीचा भारा घेऊन रानातून आली तेव्हा गोठ्याच्या दारात माणसं जमली होती. राघोबा होता, भगवानराव होते, सिद्धप्पा भगत हातात लिंबू घेऊन उभा होता. सरूबाईनं पोराला कुंची घातली होती आणि बोचकं बांधून ती अंगणाच्या कडेला उभी होती. औरादला, माहेरी निघाली होती. सासूला बघितल्यावर तिनं पोराचं तोंड पदराखाली झाकलं. सत्यभामाबाईला बाकी काही कळायच्या आधी ते झाकणं दिसलं, आणि ते तिच्या काळजाला लागलं.

सिद्धप्पानं विचारलं, या फुल्या कोणी मारल्या. तेव्हा राजूबाई बोलली. "मी बघितलंय हिला, बिब्बा घिऊन गोठ्यात शिरताना. सुनेच्या हाती मूठ जाईल म्हणून पोराच्या जिवावर उठली का काय, तिचं तिला म्हाईत."

राघोबानं बायकोकडं पाहिलं. नाही म्हण, असं त्याचं तोंड सांगत होतं. नाही म्हणणं सोपंही होतं. कोणी मारल्या मला काय ठाऊक, असं म्हटलं असतं तर सिद्धप्पानं लिंबू कापलं असतं, भिंत सारवली असती आणि हात गुपित राहिला असता. पण सून बोचकं घेऊन उभी होती. आणि तिनं पोराला झाकलं होतं ते आजीपासून.

सत्यभामाबाईनं भारा खाली टाकला. ती माणसांतून वाट काढत भिंतीपाशी गेली आणि उजव्या हाताची बोटं तिनं सगळ्यांत खालच्या फुलीवर टेकवली.

"भानामती न्हाई," ती म्हणाली. "हात हाय माजा. पोळ्यानंतर हितवरच येत व्हता."

मग तिनं बोटं चालवली. एकेका फुलीवर ती थांबत गेली, सगळ्यांना दिसेल अशी. खालच्या फुल्यांवरून बोटं सहज चढली. छातीच्या वर गेल्यावर ती हळू झाली. खांदा कानाकडं उचलला गेला, तिनं तो खाली दाबला, इंदिराबाईनं शिकवला होता तसा, आणि पुन्हा बोटं हलवली. कपाळावर घाम आला. शेवटच्या फुलीला बोटं लागली, आणि तिच्या वर अजून हातभर भिंत कोरी होती. पदर केव्हाच घसरून पाठीवर पडला होता, आणि तिनं तो सावरला नाही.

कल्याणच्या बाईनं हे शिकवल्याचं तिनं सांगितलं, तांब्याचं सांगितलं, कोळसा पुसायचा म्हणून बिब्बा घेतल्याचंही सांगितलं. सिद्धप्पानं लिंबू खिशात टाकलं. राघोबा पुढं झाला आणि त्यानं सगळ्यांत खालच्या फुलीवर आपला हात ठेवला.

"एवडा खाली?" तो म्हणाला. "मला कामून सांगितली न्हाईस?"

"सांगितलं असतं तर मूठ ऱ्हायली असती का?"

याचं उत्तर भगवानरावांनी दिलं. ते घसा खाकरून म्हणाले, की अशा हातावर बी सोडायचं म्हणजे वर्षाचं खाणं सोडणं आहे. आमच्या रानात यंदा राजूबाई मूठ धरेल, तुमच्या रानाचं तुम्ही बघा. एवढं बोलून ते निघाले. राजूबाई मागोमाग गेली, पण जाताना तिची मान खाली होती. सरूबाईनं बोचकं ओसरीवर ठेवलं. तिसऱ्या प्रहरी पोराचा ताप उतरला तेव्हा तिनं ते सासूच्या मांडीवर आणून दिलं.

पुढच्या बाजाराला राघोबा स्वतः बायकोबरोबर कल्याणला गेला. इंदिराबाईला त्यानं सरळ विचारलं, हात पहिल्यासारखा होईल का. ती म्हणाली, पहिल्यासारखा होईल की नाही ते आज सांगता येणार नाही, बरेच महिने लागतील, आणि थोडं दुखणं कदाचित सोबतीला राहील. पण हात चालता राहील. काम सोडू नका, काम वाटून घ्या. मग तिनं चाडं कसं असतं ते विचारून घेतलं आणि सत्यभामाबाईला मूठ धरून दाखवायला लावली. चाडं जरा खाली बांधलं आणि कोपर अंगाशी ठेवलं तर खांद्यावर भार कमी येईल, असं तिचं म्हणणं पडलं. शेवटी तिनं एक गोष्ट दोनदा सांगितली.

"दुखणं वर चढायच्या आदी थांबायचं, मावशी. सोसवंना म्हणून थांबलाव तर उशीर झालेला असतो."

दसरा झाला आणि पेरणी आली. रानाला ओल चांगली होती. पहिल्यांदा तिफण भगवानरावांच्या रानात फिरली. चाड्यावर राजूबाई होती. सत्यभामाबाई त्या दिवशी घरीच राहिली आणि तिनं उगीच सगळी भांडी पुन्हा घासली. दुसऱ्या दिवशी बैल आपल्या रानात आले. राघोबानं चाडं सुतळीनं खाली ओढून बांधलं होतं. सरूबाई बियाण्याची टोपली घेऊन बांधावर बसली, पोर झाडाच्या झोळीत होतं. सत्यभामाबाईनं ओटीत बी घेतलं, मूठ भरली, चाड्यावर धरली आणि राघोबानं बैल हाकले.

हात चालला. बोटांतून बी सुटताना जो बारीक खळखळ आवाज नळीत होतो तो पुन्हा तिच्या कानावर आला. वळणावर राघोबा तिफण उचलायचा तेवढ्यात ती हात सैल सोडून झोका द्यायची. एक पट्टा झाला, दुसरा झाला. ऊन चढलं. बांधापलीकडं भगवानराव आपल्या रानात काहीबाही करत उभे होते, आणि ते इकडंच बघताहेत हे तिला पाठीलाही कळत होतं.

बांधावर अर्धं रान ओलांडून जी बाभळ होती, तिच्या बराच अलीकडं खांदा बोलायला लागला. पहिल्यांदा नुसतं जडपण, मग आत टोचल्यासारखं. थांबायची वेळ तीच होती, आणि ते तिला माहीत होतं. पण बाभळीपर्यंत जाऊ, मग थांबू, असं तिनं मनाशी म्हटलं. बाभळीपर्यंत जायचं, म्हणजे अर्ध्याहून जास्त रान आपल्या मुठीनं झालं असं भगवानरावांना दिसेल. राघोबानं मागं वळून एकदा विचारलं. ती म्हणाली, चला. बोटं बधिर होत गेली. बी सुटतंय की नाही हे तिला आता कळत नव्हतं, आवाजावर अंदाज घ्यावा तर कानात नुसती कळ भरली होती. बाभळीशी आल्यावर ती म्हणाली, बैल थांबवा.

तिनं सरूबाईला हाक मारली आणि ओटीतलं बी तिच्या ओटीत ओतलं. मूठ कशी धरायची ते दाखवायला म्हणून तिनं सुनेचा हात चाड्यावर नेला, तर तो हात आपसूक जागेवर बसला, कोपर अंगाशी आणि अंगठा तर्जनीवर. सत्यभामाबाई बघत राहिली.

"माहेरी धरत व्हते मी, आत्याबाई," सरूबाई म्हणाली. "अप्पासंगं."

"कदी बोलली न्हाईस."

"कुणी इच्यारलं न्हाई."

सत्यभामाबाई बांधावर जाऊन बसली. तिनं नातवाच्या झोळीला डाव्या हातानं झोका दिला. रान संध्याकाळपर्यंत पेरून झालं.

आठवडा झाला आणि ज्वारी उगवून वर आली. राघोबा आणि भगवानराव सकाळी रान बघायला गेले. मागोमाग सत्यभामाबाई आणि सरूबाईही गेल्या, राजूबाई बांधावरून येऊन मिळाली. कोवळ्या हिरव्या ओळी सरळ गेल्या होत्या. फक्त मधल्या एका पट्ट्यात ओळी तुटत होत्या. कुठं चार-पाच रोपांचा घोस, मग पावलाएवढी मोकळी माती, पुन्हा घोस. त्याच्या पलीकडं पुन्हा सारखी उगवण होती, अगदी शेवटच्या बांधापर्यंत.

भगवानराव तिथं थांबले. काठीनं तो पट्टा दाखवत ते राघोबाला म्हणाले, "हितं सूनबाईची मूठ लागली बग. पोरीबाळींच्या हाती बी दिल्यावर आनकी काय व्हणार?"

राघोबानं मान हलवली. राजूबाईनं सरूबाईकडं पाहिलं. सरूबाईनं पदर पुढं ओढला आणि ती खाली मातीकडं बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते सत्यभामाबाईला ओळखीचं होतं. विहिरीवरून मुकाट परत येताना तिचं स्वतःचं तोंड असंच झालं असणार.

गप्प राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. सगळं रान तिच्या नावावर आणि तुटका पट्टा सुनेच्या, असंच गावानं धरलं असतं, आणि पुढच्या साली मूठ पुन्हा तिच्याकडं आली असती. हे तिच्या मनात आलं, आणि आलं याचं तिला वाईट वाटलं. ती बांधावरून खाली उतरली आणि तुटक्या ओळींच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"ह्या वळी माज्या हाईत," ती भगवानरावांना म्हणाली. "त्या बाभळीपसून पल्याड सरूची मूठ हाय. हात थांब म्हणत व्हता, मी ऐकलं न्हाई."

भगवानरावांनी बाभळीकडं पाहिलं, मग पलीकडच्या सारख्या ओळींकडं. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन ते, बरं, एवढंच म्हणाले आणि आपल्या रानाकडं वळले. राजूबाई मात्र लगेच गेली नाही. ती वाकली, तुटक्या ओळीत बोट खुपसून ओल बघितली आणि म्हणाली, अजून ओल आहे, नांगं भरलं, मोकळ्या जागी पुन्हा दाणे टाकले, तर निघेल. मग तीही गेली.

सत्यभामाबाईनं खुरपं मागवलं नाही, ते तिनं कमरेला खोचूनच आणलं होतं. रान बघायला येण्याआधीच तिला माहीत होतं की ते लागणार. तिनं ते सरूबाईच्या हातात दिलं आणि ओटीत बी घेतलं. एकीनं माती उकरायची, दुसरीनं दाणे टाकून पायानं दाबायचं.

"तू फुडं व्हय," ती सुनेला म्हणाली. "मला दुखायला लागलं की मी सांगते."